एगला जायचे असेल तर आधी बोट पाहा

स्कॉटलंडमधल्या एग या बेटावर जाण्याचा बेत आम्ही नेहमीच्या पद्धतीने आखला, म्हणजे आधी राहण्याची जागा ठरवली, मग आगगाडीची तिकिटे काढली आणि बोटीचे वेळापत्रक सर्वांत शेवटी उघडले. तेव्हा लक्षात आले, की ज्या दिवशी आम्ही परतायचे ठरवले होते त्या दिवशी आमच्या सोयीची बोटच नव्हती. एका रात्रीचा मुक्काम वाढवावा लागला आणि परतीचे सवलतीचे तिकीट वाया गेले. चूक सर्वस्वी आमची होती. मोठ्या शहरांच्या प्रवासात वाहनाची चिंता शेवटी केली तरी चालते. लहान बेटाच्या प्रवासात मात्र बोट हाच आराखडा असतो आणि बाकी सगळे, अगदी विमानाच्या तारखासुद्धा, तिच्याभोवती बसवावे लागते. पुढे जे लिहिले आहे ते तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांना हा क्रम आधीच कळावा म्हणून.

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातले बेट आहे. रम, मक आणि कॅना ही त्याची शेजारची तीन बेटे, आणि या चौघांना मिळून स्मॉल आइल्स असे म्हणतात. एगची लांबी सुमारे ९ किलोमीटर, रुंदी सुमारे ५ किलोमीटर आणि लोकसंख्या शंभराच्या आसपास आहे. नावाचा उच्चार इंग्रजीतल्या अंड्यासारखाच होतो. त्यावरचे सगळे विनोद बेटावरच्या लोकांनी ऐकून झालेले असतात, तेव्हा आपला नवा विनोद मनातच ठेवलेला बरा.

बेटावर पोहोचण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मुख्य भूमीवरील मलेग या बंदरातून सुटणारी कॅलेडोनियन मॅकब्रेनची फेरी. या कंपनीला सगळे कॅलमॅक म्हणतात, आणि या मार्गावर वर्षानुवर्षे धावणाऱ्या बोटीचे नाव लॉखनेव्हिस आहे. ती थेट एगला गेली तर साधारण सव्वा तास लागतो. परंतु ती चारही बेटांना सेवा देणारी बोट असल्यामुळे कोणत्या दिवशी कोणत्या बेटाला, कोणत्या क्रमाने आणि किती वाजता जायचे हे वारानुसार बदलते. काही दिवशी ती एगला सकाळी सोडून दुपारनंतर पुन्हा न्यायला येते, त्यामुळे एका दिवसाची सहल शक्य होते. काही दिवशी ती धक्क्याला लागून थोड्याच वेळात पुढच्या बेटाकडे निघून जाते. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रके वेगळी असतात आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. म्हणून एखाद्या जुन्या प्रवासवर्णनातली वेळ गृहीत न धरता ज्या आठवड्यात जायचे आहे त्याच आठवड्याचे वेळापत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे, आणि तेही वाराच्या स्तंभावर बोट ठेवून पाहावे. आमची फसगत झाली ती शेजारच्या स्तंभातली वेळ वाचल्याने. उन्हाळ्याच्या महिन्यांत मलेगच्या दक्षिणेकडील अरिसेग या गावाहूनही प्रवासी बोट जाते; वाटेत देवमासे किंवा पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे लहान सागरी प्राणी) दिसले तर ती थोडी थांबते, हे तिचे वेगळेपण. ज्यांना बेटाइतकेच समुद्रातले जीवन पाहायचे आहे त्यांनी एक फेरी इकडून आणि दुसरी तिकडून करण्याचा विचार जरूर करावा.

वेळापत्रक जुळले तरी काम संपत नाही, कारण अखेरचा निर्णय समुद्राचा असतो. वारा आणि उसळ वाढली की बोट उशिरा सुटते, एखादे बेट वगळते किंवा त्या दिवशी निघतच नाही, आणि हे केवळ हिवाळ्यातच घडते असेही नाही. कंपनी संकेतस्थळावर प्रत्येक मार्गाची स्थिती प्रसिद्ध करते आणि मोबाइलवर संदेशही पाठवते. ती सोय प्रवासाच्या आदल्या दिवशीच सुरू करून घ्यावी. हवामानाचा अंदाज पाहताना केवळ पाऊस किती हे पाहून उपयोग नसतो, कारण बोटीला पावसाचे काही वाटत नाही. ब्रिटनच्या हवामान खात्याचा, म्हणजे मेट ऑफिसचा, किनाऱ्याजवळील समुद्रासाठी वेगळा अंदाज असतो; त्यातील वाऱ्याचा जोर आणि लाटांची स्थिती वाचायला शिकले की बोट सुटेल की नाही याचा बराच अंदाज आदल्या संध्याकाळीच येतो. माझा ठाम सल्ला असा, की एगहून परतण्याचा दिवस आणि मायदेशी जाणाऱ्या विमानाचा दिवस यांच्यात किमान दोन रात्री मोकळ्या ठेवाव्यात. बोट वेळेवर सुटली तर त्या रात्री ग्लासगो किंवा एडिनबर्गमध्ये सत्कारणी लागतात. प्रवासविमा घेताना हवामानामुळे चुकलेल्या प्रवासाला तो लागू होतो की नाही हे अटींमध्ये वाचून घ्यावे.

मलेगला पोहोचण्यासाठी ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून आगगाडी आहे. या मार्गाला वेस्ट हायलँड लाइन म्हणतात आणि प्रवासाला पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, त्यामुळे सकाळची बोट पकडायची असेल तर आदली रात्र मलेग किंवा अरिसेगमध्ये काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. या गाडीच्या दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. पहिली अशी, की बहुतेक गाड्या क्रियनलारिच स्थानकावर दुभंगतात. काही डबे ओबानला जातात आणि उरलेले मलेगला. चुकीच्या डब्यात शांतपणे झोपलेल्या माणसाला जाग येते तेव्हा तो भलत्याच बंदरात पोहोचलेला असतो, म्हणून चढतानाच गार्डला विचारून घ्यावे. दुसरी अशी, की फोर्ट विल्यम स्थानकात गाडीची दिशा उलटते, आणि ग्लासगोहून डावीकडे बसलेला प्रवासी तेथून पुढे उजवीकडचा होतो. २१ कमानींचा, १९०१ पासून वापरात असलेला ग्लेनफिनन पूल त्यानंतरच येतो आणि शील सरोवराचे दृश्य मलेगकडे जाताना डाव्या हाताला असते. जागा रिकामी असेल तर फोर्ट विल्यमला उठून बाजू बदलावी. त्याआधी रॅनख मूर नावाचे उजाड, पाणथळ पठार लागते. आमच्या डब्यातील बहुतेक जण पुलासाठी कॅमेरे जपून ठेवून तेथे डुलक्या घेत होते. माझ्या मते तोच या प्रवासाचा सर्वोत्तम भाग आहे.

बेटावर पाहुण्यांना स्वतःची मोटार नेता येत नाही, तेव्हा ती मलेगला ठेवूनच निघावे लागते. बोट गॅल्मिसडेल येथील धक्क्याला लागते. हा धक्का बांधला जाण्यापूर्वी मोठी बोट खाडीत उभी राहत असे आणि माणसे, सामान, कोकरे, सगळेच लहान होडीत उतरवून किनाऱ्यावर आणावे लागे. आता पायऱ्या न उतरता चालत बाहेर पडता येते. दुकान, उपाहारगृह, स्वच्छतागृह आणि भाड्याच्या सायकली हे सारे धक्क्याच्या आसपासच आहे. येथून एकच अरुंद रस्ता बेट ओलांडून उत्तरेकडील क्लीडेल या वस्तीपर्यंत जातो. अंतर सुमारे सहा किलोमीटर आणि मध्ये चढ. मुक्काम क्लीडेलकडे असेल तर सामान कसे न्यायचे हे यजमानांना आधी विचारून ठेवावे. चाकांची मोठी बॅग घेऊन उतरलेले एक जोडपे त्या चढावर आम्हाला भेटले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून सांगतो, पाठीवरची पिशवीच आणा.

खाण्याच्या बाबतीत, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, थोडी तयारी ठेवावी. दुकान चांगले आहे, पण त्यातला बहुतेक माल बोटीने येतो, आणि दोन दिवस बोट आली नाही तर पाव आणि ताजी भाजी आधी संपते. उपाहारगृहाच्या वेळाही बरेचदा बोटीच्या वेळांशी बांधलेल्या असतात. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली असेल तर मलेगच्या को-ऑप दुकानातून डाळ, तांदूळ, पास्ता असे टिकाऊ जिन्नस आणि बोट चुकल्यास पुरेल एवढे एका दिवसाचे जास्तीचे अन्न घेऊन जावे. मात्र सगळेच बाहेरून नेऊ नये. अंडी, केक आणि उपाहारगृहातले गरम सूप बेटावरच घ्यावे, कारण शंभर माणसांच्या वस्तीत तुमच्या चार पौंडांनाही वजन असते. बेटावरचा कचरा शेवटी बोटीनेच बाहेर जातो, हे ध्यानात घेऊन आपल्या वेष्टनांचा कचरा आपल्याबरोबर परत आणणे हे साधे सौजन्य ठरते.

येथे राहताना विजेकडे लक्ष द्यावे लागते आणि त्यामागची गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. दीर्घकाळ हे संपूर्ण बेट एकेका मालकाची खासगी मालमत्ता होते. मालक बदलत गेले, रहिवाशांना मात्र स्वतःच्या घरांबद्दलही खात्री नव्हती. अखेर रहिवासी, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांनी मिळून स्थापन केलेल्या आइल ऑफ एग हेरिटेज ट्रस्टने लोकवर्गणीच्या बळावर सुमारे १५ लाख पौंडांना बेट विकत घेतले, आणि १२ जून १९९७ पासून ते ट्रस्टच्या मालकीचे आहे. तोपर्यंत घरोघरी डिझेलचे जनरेटर चालत, कारण मुख्य भूमीवरील वीजवाहिनी येथे पोहोचलेलीच नव्हती. फेब्रुवारी २००८ मध्ये बेटाने स्वतःची वीजव्यवस्था सुरू केली. ओढ्यांचे पाणी, वारा आणि ऊन यांपासून बहुतांश वीज तयार होते, बॅटऱ्यांमध्ये साठवली जाते आणि डिझेल केवळ आधाराला ठेवलेले असते. ही मर्यादित वीज सर्वांना पुरावी म्हणून प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० किलोवॉट एवढीच मर्यादा आहे. ५ किलोवॉट ऐकायला पुष्कळ वाटते. परंतु ब्रिटनमधली विजेची किटलीच सुमारे ३ किलोवॉट घेते, आणि तिच्याबरोबर ओव्हन व केस वाळवायचे यंत्र लावले की मर्यादा ओलांडून घरातली वीज जाते. आमच्या यजमानीण बाईंनी किल्ली देताना पहिली सूचना हीच दिली आणि वायफायचा परवलीचा शब्द त्यानंतर सांगितला.

आता पायी फिरण्याविषयी. धक्क्यावरून वर पाहिले की जो काळा, ताठ सुळका दिसतो तो अन स्गूर, उंची ३९३ मीटर. समोरून तो अजिंक्य वाटतो, पण वाट त्याच्या उत्तरेकडून वळसा घालून मागच्या घळीतून माथ्याच्या धारेवर चढते, आणि सवयीने चालणाऱ्या माणसाला जाऊन-येऊन तीन ते चार तास पुरतात. हा सुळका पिचस्टोन नावाच्या काचेसारख्या ज्वालामुखी खडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून आलेला रस एका दरीत भरून गोठला. पुढे दरीच्या काठांचा मऊ खडक झिजून गेला आणि दरीत भरलेला हा कठीण खडकच डोंगर होऊन उभा राहिला. माथ्यावरून रम, मक, उत्तरेकडच्या स्काय बेटाचे कुलिन पर्वत आणि मुख्य भूमीचे आर्डनामर्खन टोक दिसते, अर्थात ढग नसतील तर. वाटेचा मधला भाग पाणथळ आहे. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट असावेत, आणि धारेवरचा खडक ओला असताना घाई करू नये. ढग खाली उतरलेले असतील तर त्या दिवशी वर न जाणे शहाणपणाचे, कारण वर काही दिसत नाही आणि कडे मात्र तेथेच असतात. एका दिवसाच्या सहलीला आलेल्यांनी परतीच्या बोटीपूर्वी एक तास हाताशी राहील असा हिशेब करूनच चढायला सुरुवात करावी. बोट सुटण्याच्या काही मिनिटे आधीच प्रवेश बंद होतो आणि धावत येणाऱ्या माणसासाठी तीन बेटांचे प्रवासी ताटकळत ठेवता येत नाहीत.

ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी क्लीडेलकडील किनारे आहेत. लेगच्या उपसागरात वाळूचा विस्तीर्ण पट्टा आहे आणि त्याच्या समोर समुद्रापलीकडे रमचे डोंगर उभे असतात. संध्याकाळी सूर्य त्या बाजूला कलतो तेव्हा तेथून उठवत नाही. थोडे उत्तरेला ‘गाणारी वाळू’ आहे. तेथील वाळूत क्वार्ट्झचे कण आहेत आणि कोरड्या वाळूवरून पाय घासत चालले की ती चिरकते. गाणे म्हणणे हे जरा औदार्याचे झाले, पण आवाज येतो हे खरे. वाळू ओली असेल तर ती गप्प राहते, म्हणून पाऊस थांबून काही तास उलटल्यावर, ओहोटीच्या वेळी आणि भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला जावे.

दक्षिण किनाऱ्यावर दोन गुहा आहेत. त्यांपैकी एकीला नरसंहाराची गुहा म्हणतात. परंपरा अशी सांगते, की १५७७ मध्ये स्कायच्या मॅक्लाउड घराण्याच्या लोकांनी या गुहेत लपलेल्या सुमारे ३९५ मॅकडॉनल्ड रहिवाशांना तोंडाशी आग लावून धुराने गुदमरून मारले. तोंड इतके अरुंद आहे, की रांगत आत शिरावे लागते. दरडीबाबत धक्क्यावर किंवा वाटेवर सूचना लावलेली असेल तर ती पाळावी आणि बाहेरूनच परतावे. २०१६ मध्ये तेथे आलेल्या पर्यटकांना मानवी हाडे आढळली होती. असे काही दिसल्यास हात न लावता कळवावे, ते एक दफनस्थानच आहे. दुसरी गुहा मोठी आहे, परंतु तेथे केवळ ओहोटीच्या वेळीच पोहोचता येते. भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्याशिवाय, आणि पाणी पुन्हा चढू लागल्यावर, तिच्याकडे जाऊ नये.

कोणत्या महिन्यात जावे, असे मला विचारल्यास मी मे म्हणेन. पश्चिम किनाऱ्यावर वसंताचा उत्तरार्ध तुलनेने कोरडा असतो, दिवस लांबलेला असतो आणि मिज नावाची सूक्ष्म चिलटे अजून पूर्ण जोरात आलेली नसतात. जूनमध्ये रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. उलट डिसेंबरात जेमतेम सात तासांचा दिवस मिळतो. जून ते ऑगस्ट या काळात मिजचा त्रास खरोखर गंभीर असतो. डासाच्या एका चाव्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना त्याची कल्पना येत नाही, कारण हे कीटक एकेकटे येत नाहीत, ढगाने येतात, आणि केसांत, कानांत, चष्म्याच्या मागे शिरतात. वारा असेल तर ते उडू शकत नाहीत. म्हणून वारा पडलेल्या, दमट सकाळी आणि संध्याकाळी बाहेर बसण्याचे टाळावे, डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी जवळ ठेवावी आणि तंबू ठोकायचा असेल तर वारा लागेल अशी उघडी जागा निवडावी. जाळी घातलेला माणूस छायाचित्रात हास्यास्पद दिसतो. तरीही घालावी.

मिजहून गोचीड अधिक धोकादायक आहे, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. नेच्याच्या झुडपांतून किंवा उंच गवतातून चालताना पूर्ण विजार घालून तिचे टोक मोज्यांत खोचावे, मुक्कामी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासावे आणि गोचीड सापडल्यास तिच्यासाठी मिळणाऱ्या छोट्या आकड्याने ती न चिरडता ओढून काढावी. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारे लाल कडे उमटले किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे; भारतात परतल्यानंतर तर नक्कीच, कारण तेथे हा रोग सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा कायद्यानुसार जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालण्याचा आणि तंबूत राहण्याचा हक्क आहे. हा हक्क घरांच्या अंगणांना आणि पिकांच्या शेतांना लागू नाही. फाटक जसे उघडे किंवा बंद आढळले तसेच ठेवावे आणि वसंतात कोकरे असलेल्या मेंढ्यांपासून लांबून जावे, मग छायाचित्राचा मोह कितीही होवो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टवर युनायटेड किंग्डमचा व्हिजिटर व्हिसा लागतो, शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही आणि स्कॉटलंडसाठी वेगळा काही घ्यावा लागत नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. स्कॉटलंडमधील तीन बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, परंतु इंग्लंडमधल्या काही दुकानांत त्या घेताना कुरकुर होते, म्हणून उत्तरेतच खर्च कराव्यात. आणीबाणीत ९९९ क्रमांक फिरवावा आणि समुद्राशी किंवा कड्याशी संबंधित घटना असेल तर तटरक्षक दल मागावे.

परतीच्या दिवशी सकाळी सर्वप्रथम फोनवरचा संदेश पाहावा, मग दुकानात किंवा उपाहारगृहात चौकशी करावी, कारण बोटीची खबर तेथे फोनच्या आधी पोहोचलेली असते. बोटीवर चढल्यावर आत न बसता उघड्या मजल्यावर, वाऱ्याला पाठ करून उभे राहावे. उन्हाळ्यात रमच्या डोंगरांत मँक्स शिअरवॉटर पक्ष्यांची जगातली सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक वसाहत असते, आणि संध्याकाळच्या बोटीतून ते हजारोंच्या संख्येने पाण्यावर टेकलेले दिसू शकतात. बोट जवळ आली की एकदम उठतात आणि पंख जवळजवळ लाटांना लावत एका बाजूने कलंडून निघून जातात. आम्हाला ते वाढलेल्या मुक्कामाच्या दिवशी दिसले.